पत्र्यावरची थाप

उस्तादांचा एक नियम होता. दुसऱ्याच्या हातात स्टिअरिंग असताना डोळा लावायचा नाही. बसमध्ये बसले तरी ड्रायव्हरच्या मागचीच सीट पकडायचे आणि प्रवासभर उजवा पाय जमिनीवर दाबत राहायचे, ब्रेक आपल्याच पायाखाली असल्यासारखा. लग्न करून बायको घरी आणली तेव्हा मोटार मेव्हणा चालवत होता. त्याला वाटेत चारदा ‘गिअर बदल’ म्हणाले, पण शेजारच्या नवरीकडे एकदाही वळून बघितलं नाही, हे ती नवरी, म्हणजे आताच्या सासूबाई, अजून आल्यागेल्याला सांगतात. वर म्हणतात, “तेव्हाच कळलं मला, या घरात मी दुसरी. पहिली बाहेर उभी आहे, सहा चाकांची.” लॉरीला त्या सवत म्हणायच्या, तेही तिच्या तोंडावर. आत्ताची लॉरी तशी बरीच नंतरची, पण सवतीचं पद वारसाहक्काने तिच्याकडे आलं होतं.

तर ही सवत त्या दिवशी सकाळीच एका परक्या गावाला निघाली होती. स्टिअरिंगवर लांब्या. उस्तादांच्या हाताखाली तयार झालेला हा जुना ड्रायव्हर, त्याचे गुडघे आजवर कुठल्या केबिनमध्ये मावले नाहीत. खिडकीशी उस्ताद, पाय दाबत. आणि दोघांच्या मधोमध अंग चोरून बसलेली सून. परीक्षा तिची होती, लॉरीच्या लायसनची.

आता कुणी म्हणेल, सुनेने कशाला लॉरी चालवायची, मुलगा नव्हता का? होता की! सोन्यासारखा मुलगा. पण देवाला थट्टेची भारी हौस. ड्रायव्हरच्या पोटी पोरगा घातला तो असा, की झोपाळ्यावर बसला तरी त्याला मळमळायचं. लॉरीत बसवला की पहिल्याच वळणाला डोकं खिडकीबाहेर. शेवटी तो शिंपी झाला. मशीनलाही चाक असतं, पण ते जागचं हलत नाही, एवढं त्याला पुरे होतं. आणि त्याने बायको केली ती मात्र पहिल्याच आठवड्यात लॉरीच्या पायरीवर चढून आत डोकावली आणि म्हणाली, “बाबा, हिला गिअर किती?” उस्ताद चहा प्यायचे थांबले. सासूबाईंनी कपाळावर हात मारला. म्हणाल्या, “घ्या! एक कमी होता म्हणून दुसरी आली.”

दोन वर्षांपूर्वी उस्तादांच्या डोळ्यांनी दगा दिला. डॉक्टर म्हणाले, डोळ्याचा पडदा झिजलाय, चष्म्याने भागायचं नाही. लायसन गेलं. उस्ताद घरात एवढंच म्हणाले, “जरा धूसर दिसतं. बाकी ठणठणीत.” लॉरी दारात उभी राहिली. लांब्याला सवड मिळाली तर तो एखादी फेरी मारायचा, नाहीतर आठ-आठ दिवस चाक फिरायचं नाही. उभी गाडी सडते, हे उस्तादांना कुणी सांगायला नको होतं. एका वीटवाल्याने मागणी घातली, तेव्हा ते त्याला म्हणाले, “सून पास झाली तर गाडी घरात राहील. नाही झाली तर ये आणि घेऊन जा.” दिलेला शब्द उस्ताद मोडत नसत. आणि सून एकदा नापास झालेली होती. आता हा शेवटचा डाव.

ती नापास कशी झाली ते ऐकलंत तर हसावं की रडावं कळणार नाही.

बंद पडलेल्या गिरणीमागच्या मोकळ्या जागेत उस्तादांनी तिला शिकवलं. शिकवायची त्यांची तऱ्हा वेगळीच. “क्लच असा सोड,” म्हणायचे, “की झोपलेल्या पोराच्या डोक्याखालून हात काढतेयस.” तिच्या पदरात लहान मुलगी होती, तिला ते तिथल्या तिथे कळलं. गाडी मागे घ्यायची वेळ आली की उस्ताद खाली उतरायचे, मागे जाऊन उभे राहायचे आणि लॉरीच्या पत्र्यावर थाप द्यायचे. दोन थापा म्हणजे येऊ दे. एकच, ठोस, म्हणजे थांब. साऱ्या लॉरीवाल्यांची हीच भाषा. एका थापेवर तिचा पाय आपोआप ब्रेकवर जायचा, मधे डोकं लागायचंच नाही. ती थाप कधी चुकली नाही. भिंत वीतभर राहिली की पडायची म्हणजे पडायचीच.

मग आपल्या गावात परीक्षा झाली. गाडी मागे घ्यायची होती, दोन खांबांच्या मधे, मागच्या तिसऱ्या खांबाला न लागता. परीक्षेत खाली कुणी उभं राहायचं नसतं. सूनबाई आरशात बघत होत्या खऱ्या, पण जीव सगळा कानात! थाप पडेल, मग थांबू. थाप कुठून पडणार? मागचा खांब आडवा झाला तेव्हा कुठे ब्रेक लागला. घरी आल्यावर उस्ताद जेवले नाहीत. दुसऱ्या दिवसापासून गिरणीमागे नुसता आरसा. ते मागे हात बांधून उभे राहायचे आणि तरी शेवटी न राहवून एक थाप द्यायचेच. एवढ्यात गावातलं मैदान दुरुस्तीसाठी खणलं गेलं आणि पुढची तारीख मिळाली ती या परक्या गावातली.

“काय अडतंय?” लांब्या वाटेत म्हणाला. “रस्ते सगळीकडे सारखेच.”

“तुला काय जातंय बोलायला?” सून म्हणाली. आपल्या गावात तिला सगळं पाठ होतं. बेकरीच्या कोपऱ्यावर तिसरा गिअर, दवाखान्याच्या भिंतीशी दुसरा, शाळेआधी पाय ब्रेकवर. इथे ना बेकरी ओळखीची ना भिंत.

परीक्षेच्या मैदानाभोवती छातीएवढ्या उंचीचं गंजक्या पत्र्याचं कुंपण होतं. फाटकाशी एक बाक. लांब्या किल्ली देऊन उतरला. त्याची बहीण याच गावात राहायची. “पास झालीस तर तूच ने गाडी,” तो म्हणाला. “नाही झालीस तर संध्याकाळी येतो. पण मला यायला लावू नकोस, बहिणीकडे जेवण चांगलं असतं.” आणि ढांगा टाकत गेला.

सुनेने उस्तादांना बाकावर बसवलं. “बाबा, इथून हलायचं नाही.”

“मी काय कुक्कुलं बाळ आहे?”

“बाळ असतात तर काळजी नव्हती. शब्द द्या.”

“अगं, जा आता! साहेब खोळंबलेत.” शब्द काही दिला नाही. हे तिच्या नंतर लक्षात आलं.

परीक्षा घेणाऱ्या साहेबांना पडसं झालं होतं. नाकाला रुमाल, गुडघ्यावर कागदाची पाटी. शेजारी बसले आणि म्हणाले, “निघा. मी सांगेन तिकडे वळायचं.” बस्स. चेहऱ्यावरून ना राग कळे ना लोभ.

फाटकाबाहेर पडल्यावर पहिल्या चौकातच घोळ झाला. साहेब म्हणाले उजवीकडे. समोर दोन रस्ते उजवीकडे जाणारे, एक रुंद, एक भाजीच्या हातगाड्यांनी भरलेला. बाईंनी रुंद धरला. “हा नव्हे,” साहेब म्हणाले. गेलंच सगळं! वीटवाला डोळ्यांपुढे उभा राहिला. पण ती थांबली नाही, भांबावली नाही. आरसा बघितला, पुढे जाऊन पुढचं वळण घेतलं, फिरून परत आली. साहेब शिंकले. “रस्ता चुकला तर मी गुण कापत नाही. मी स्वतः या गावात नवीन असताना तीनदा चुकलो होतो. चला.”

एवढ्या एका वाक्याने माणसाला किती धीर येतो! तिचे खांदे खाली आले. आणि गंमत अशी, की ओळखीचं काहीच नसल्यामुळे आता तिला सगळं दिसू लागलं. दुकानातून मागे मागे चालत बाहेर येणारा, शिडी धरलेला रंगारी. थांबलेल्या मोटारीचं हळूच उघडणारं दार. आपल्या गावात ती बेकरी बघून गिअर टाकायची, इथे रस्ता बघून टाकत होती. चढावर दिवा लाल झाला आणि मागे एक छोटी मोटार अगदी चिकटून उभी राहिली. गाडी बोटभर मागे गेली असती तरी संपलं होतं. दिवा हिरवा झाला. तिने झोपलेल्या पोराच्या डोक्याखालून हात काढला. लॉरी कुरकुरली आणि पुढे निघाली, मागे तसूभरही न जाता.

“हं,” साहेब म्हणाले, आणि पाटीवर काहीतरी लिहिलं.

मैदानात परत आले. आता शेवटचं काम. पार टोकाला, कुंपणापाशी, दोन खांब, त्यांच्यामधे पिवळी रेघ आणि रेघेच्या मागे तिसरा खांब. मागची चाकं रेघेपलीकडे जायला हवीत आणि गाडी मागच्या खांबाला लागता कामा नये. उलटा गिअर पडला. ती आरशात बघू लागली. डावा खांब, उजवा खांब, रेघ. आणि रेघेच्या मागे, कुंपणाच्या वर, एक खाकी जाकीट. कोपराला ठिगळ. तिच्या नवऱ्याने आपल्या हाताने लावलेलं.

बोंबला! बाकावरून उठून, पत्र्याला चाचपत, अर्ध्या मैदानाला वळसा घालून सासरेबुवा नेमके मागे येऊन उभे होते. गेल्या वेळी थाप पडली नाही म्हणून पोरगी नापास झाली. या वेळी थापेवाचून तिचं अडू नये म्हणून आले होते. जाळीवर, खांबावर, कशावर का होईना, पण ती थाप तिला मिळाली पाहिजे. पत्र्याचं कुंपण म्हणजे त्यांना आयतंच सापडलं.

थाप, थाप. येऊ दे.

तिच्या नकळत तिच्या जिवाला बरं वाटलं. खोटं कशाला बोला? परक्या गावात, परक्या माणसाशेजारी, ती थाप ऐकली आणि माहेरचं कुणी भेटावं तसं झालं तिला.

आणि मग एकच. ठोस. थांब!

पाय निघालाच होता ब्रेककडे. वर्षभराची सवय. पण डोळे आरशात होते. चाकं अजून रेघेच्या अलीकडे होती आणि मागच्या खांबाला चांगली दीड हात जागा होती. इथे थांबली असती तर नापास. पण थाप म्हणत होती, लागली गाडी, थांब. आणि ती थाप तर कधी चुकत नाही.

कधी चुकत नाही. मग आज?

आणि तेव्हा तिला कळलं. जरा धूसर दिसतं, बाकी ठणठणीत. काय ठणठणीत? खांबाची सावली जमिनीवर आडवी पडली होती आणि बाबांना ती सावली म्हणजेच खांब वाटत होता. समोरच्या गाडीचं अंतर त्यांना दिसत नव्हतं. गेले कित्येक दिवस गिरणीमागे ते अंदाजानेच थाप देत होते, इंजिनाच्या आवाजावर, आणि जागा पाठ होती म्हणून निभावत होतं. इथली जागा त्यांनाही परकी. डोळे भरून आले तर आरसा दिसायचा नाही, म्हणून तिने ओठ दाताखाली धरला.

पुन्हा थाप. जोराने. घाबरलेल्या माणसाची.

“मला दिसतंय, बाबा,” ती काचेला म्हणाली, आणि गाडी मागे घेत राहिली. त्यांची थाप मोडायची तिची ही पहिलीच वेळ. चाकं रेघेवर चढली, पलीकडे गेली. आता. तिने ब्रेक दाबला. खांब ताठ उभा होता.

साहेब उतरले, मागे जाऊन वाकून बघितलं, परत आले. चढता चढता विचारलं, “पत्रा कोण वाजवत होतं?”

कुणास ठाऊक, असं म्हणता आलं असतं. पण खोटं बोलायची तिची छाती झाली नाही. “माझे सासरे, साहेब.”

“खूण करत होते?”

“हो. थांब म्हणत होते.”

“मग थांबला का नाहीत?”

“जागा होती.”

साहेबांनी रुमाल नाकाला लावला आणि बराच वेळ काढला नाही. मग म्हणाले, “त्या थापेला थांबला असता, तर बाहेरची मदत घेतली म्हणून मी कागद इथेच रद्द केला असता. तुम्ही आरशाचं ऐकलंत.” आणि सही केली. “सासरेबुवांना म्हणावं, पत्रा सरकारी आहे.”

तात्पुरतं लायसन हातात घेऊन ती फाटकाशी आली, तर उस्ताद बाकावर! मांडीवर हात ठेवून, सकाळपासून हललेच नसल्यासारखे. फक्त धाप लागलेली.

“झालं?” त्यांनी विचारलं.

“पास.”

उस्तादांनी नुसती मान खाली घातली आणि दोनदा हलवली.

“बाबा, हात बघू.”

“कशाला?”

तिने उजवा हात धरून उलटा केला. अख्खा तळवा गंजाने लाल. पदराने ती तो पुसू लागली. उस्तादांनी पुसू दिला. मग हळूच म्हणाले, “मी थाप दिल्यावर गाडी थांबली नाही. डोळे गेलेत, कान शाबूत आहेत माझे.”

“नाही थांबले.”

“किती जागा होती?”

वीतभर म्हणावं, असं तिच्या मनात आलं. म्हाताऱ्याचा मान राहील. पण जागेच्या बाबतीत खोटं बोलायचं नाही, हे त्यांनीच शिकवलेलं. “दीड हात, बाबा.”

“दीड हात!” उस्ताद पुटपुटले. “मला तर चिकटलेली दिसली.”

“सावली होती ती.”

फाटकातून दुसऱ्या कुणाची तरी लॉरी आत गेली.

“घरी सांगू का?” तिने विचारलं. “आईंना?”

“तिला ठाऊक आहे. ताट ठेवते ते बरोबर माझ्या हाताला लागेल असं. बोलत काही नाही.” ते जरा हसले. “तुलाच सांगायचं नव्हतं. माझ्या थापेवरचा तुझा विश्वास उडाला असता तर तू शिकली कशी असतीस?”

“अहो, पण विश्वास आहेच की! म्हणून तर रडू येतंय मला.” आणि ती खरंच रडली, भर रस्त्यात, त्यांचा हात हातात धरून. “तुमची थाप आली तेव्हा मला आधी बरंच वाटलं. मग कळलं.”

“पुरे, पुरे,” उस्ताद म्हणाले. त्यांचाही आवाज नीट नव्हता. “चांगलं केलंस. माझं ऐकलं नाहीस ते फार चांगलं केलंस. ड्रायव्हर झालीस. आता आटप, गाडी उन्हात तापतेय.”

ती स्टिअरिंगवर बसली. उस्ताद दुसऱ्या बाजूने चाचपत चढले. या वेळी तिने त्यांना पायरीपाशी हात दिला आणि त्यांनी तो घेतला. गाव मागे पडलं. ती वाट बघत होती. आता म्हणतील गिअर बदल, आता म्हणतील पुढे खड्डा आहे. पण शेजारून आवाज नाही. तिने खाली नजर टाकली. उस्तादांचा उजवा पाय सैल पडला होता, काही दाबत नव्हता. पुढच्या वळणावर त्यांचं डोकं खिडकीला टेकलं आणि त्याच्याही पुढच्या वळणावर केबिनमध्ये घोरणं सुरू झालं.

तिला आधी वाटलं, आपल्याला भास होतोय. मग तिने वेग थोडा कमी केला. खड्डे असे चुकवू लागली की मागे काचसामान भरलंय. साहेबांनीसुद्धा एवढं नाजूक चालवणं आज बघितलं नव्हतं.

घराच्या गल्लीच्या तोंडाशी आली तेव्हा ऊन उतरलं होतं. गल्ली अरुंद, लॉरी मागे घेऊनच आत न्यायची. इथे उस्ताद नेहमी उतरायचे. तिने त्यांना उठवलं नाही. एकदा या आरशात, एकदा त्या आरशात बघत लॉरी दारापर्यंत आणली, भिंतीपासून वीतभर अंतर राखून. आणि क्लचवरचा पाय उचलला, तिला माहीत होता तसा, झोपलेल्या डोक्याखालून हात काढावा तसा. इंजिन बंद केलं. घोरणं थांबलं नाही.

सासूबाई तरातरा बाहेर आल्या. मागे पोटाशी लेकीला धरून सुनेचा नवरा, गळ्यात मोजपट्टी तशीच. “थाप नाही, आवाज नाही, लांब्याने आणली की काय गाडी?” सासूबाई ओरडल्या. “म्हणजे नापास?”

सुनेने बोट ओठांवर ठेवलं आणि शेजारच्या सीटकडे दाखवलं.

सासूबाई पायरीवर चढल्या. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी सवतीच्या दाराला हात लावला. आत बघितलं. उस्ताद तोंड उघडं टाकून झोपले होते, गंजलेला तळवा मांडीवर उताणा. त्या बघत राहिल्या. मग त्यांनी पदर तोंडाला लावला, आणि बापाला हाक मारायला पुढे झालेल्या मुलाचा हात धरून त्याला मागे ओढलं.

“उठवू नको रे,” त्या म्हणाल्या. “चाळीस वर्षं जागा आहे तो माणूस.”

आणि आत जाऊन चादर घेऊन आल्या.